शून्य सेकंदांची फाइल

२०२४ च्या डिसेंबरातली गोष्ट. रात्री साडेदहाला सुरतेहून पुतण्याचा फोन आला. आमच्याकडे साडेदहाचा फोन म्हणजे आधी पोटात गोळाच येतो. पण बातमी माणसाची नव्हती. “काका, फाइल करप्ट थई गई,” एवढेच तो म्हणाला आणि गप्प झाला. मुलगा तिथेच जन्मलेला, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेला. एरवी मराठी चांगले बोलतो, घाबरला की मात्र तोंडी गुजराती येते. मी विचारले, कुठली फाइल? तर म्हणाला, “आजीची.”

त्याची आजी म्हणजे माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण. जन्म चिकोडी तालुक्यातला, सासर इचलकरंजीचे. मामा मागावर कामाला होते. पुढे इचलकरंजीतले बरेच जण गेले तसे तेही सुरतेला गेले आणि फिरत फिरत पर्वत पाटियाला स्थिरावले. पर्वत हे मूळ गावाचे नाव. आपल्याकडे रस्त्यावरून गावाकडे वळायच्या जागेला फाटा म्हणतात, तसे गुजरातेत पाटिया म्हणतात. आता तिथे गावही दिसत नाही आणि शेतही नाही. कापडाची मार्केटे, साड्यांचे गठ्ठे वाहणारे टेम्पो आणि चार-चार मजली सोसायट्या. शेजारच्या लिंबायतमध्ये धुळे, जळगाव, नंदुरबारकडची इतकी माणसे आहेत की भाजी अहिराणीतही घेता येते. कन्नड बोलायला मात्र आत्याला तिथे कुणी नव्हते. माहेरी घरात कन्नड आणि अंगणात मराठी अशी ती वाढली. सासर सगळे मराठी. सुरतेत गेल्यावर तिचे कन्नड आमच्या फोनपुरते उरले.

पुतण्या दिवसा एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनचे पंचिंग करतो आणि रात्री संगीताचे काम. गणपतीत मंडळांची गाणी, नवरात्रात गरबा, लग्नसराईत वरातीची गाणी. मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून त्याने स्टुडिओ केला आहे. २०२३ च्या जानेवारीत त्याने आजीच्या ओव्या रेकॉर्ड करायला घेतल्या. खाली मशीन बंद असली की वर माइक लागायचा. जाते तर घरात नाही. आत्याचे म्हणणे, हाताला फिरवायला काही नसले तर ओवी सुचायची कशी? शेवटी मांडीवर पालथी परात घेऊन ती फिरवत तिने गायला सुरुवात केली. तीन आठवडे हे चालले. डिसेंबरात आत्या गेली. वर्षश्राद्धाला अकरा ओव्यांची माला सगळ्या नातेवाइकांना ऐकवायची आणि ज्याला हवी त्याला पेनड्राइव्हवर द्यायची असे ठरले. त्याला बारा दिवस उरले असताना हा फोन.

झाले होते असे. पुतण्या काम सेव्ह करत होता आणि त्याच क्षणी वहिनींनी गीझर लावला. मेन स्विच पडला. लाइट परत आली तेव्हा फाइल जागेवर होती, नाव तेच, आकारही तेवढाच, पण उघडेना. नोटपॅडमध्ये उघडून पाहिली तर आत नुसती पोकळी. विंडोजवर हे अधूनमधून होते. फाइलीसाठी जागा राखून ठेवली जाते, तिचा आकार नोंदला जातो, पण प्रत्यक्ष मजकूर तबकडीवर उतरायच्या आत वीज जाते. मग राखलेल्या जागेत शून्यांशिवाय काही राहत नाही. घर बांधून नावाची पाटी लावली आणि आत राहायला कुणी आलेच नाही, तसे. वहिनी दोन दिवस जेवल्या नव्हत्या म्हणे.

मी मराठीचा प्राध्यापक. मला यातले काय कळणार? पण रेकॉर्डिंगच्या वेळी आत्याने कोणत्या दिवशी काय गायले याची एक वही मी फोनवरून विचारून ठेवली होती, आणि ओव्यांचा क्रमही मीच लावून दिला होता. त्यामुळे पुतण्याला मी आठवलो. श्राद्धाला जायचे होतेच. चार दिवस आधी निघालो. मिरजेहून थेट सुरतेला गाडी आहे.

तिथे गेल्यावर मला पहिला धडा मिळाला तो असा, की फाइल गेली म्हणजे आवाज गेला असे नाही. पुतण्याने ते त्याच्या धंद्यातल्या उदाहरणाने समजावले. एम्ब्रॉयडरीत दोन तऱ्हेच्या फाइली असतात. डीएसटी नावाची फाइल मशीनला द्यायची. तिच्यात सुई कुठे टोचायची एवढेच असते. ईएमबी ही पंचिंग करणाऱ्याची मूळ फाइल. पाकळी कुठे वळवली, कुठले टाके किती दाट घेतले, हे सगळे तिच्यात. डीएसटीवरून साडी निघेल, पण पाकळी मोठी करायची झाली तर मूळ फाइलच लागते. संगीतातली प्रोजेक्ट फाइल ही त्या मूळ फाइलीसारखी. फरक इतकाच, की तिच्यात बहुधा आवाज नसतोच. आवाजाच्या फाइली शेजारच्या फोल्डरमध्ये वेगळ्या असतात. कुठल्या आवाजाचा कुठला तुकडा कुठून कुठपर्यंत घ्यायचा, किती मोठा करायचा, त्याखाली तंबोरा कधी सुरू करायचा, याची ती यादी असते. म्हणजे आत्या सुखरूप होती. गेली होती ती पोराची सात-आठ महिन्यांची रात्रीची जागरणे.

पुतण्या रीपर नावाच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. त्याची प्रोजेक्ट फाइल साध्या अक्षरांत लिहिलेली असते, कुणीही नोटपॅडमध्ये वाचू शकेल अशी. शिवाय नवी फाइल सेव्ह करताना जुनी फाइल शेपटाला ‘बाक’ लावून बाजूला ठेवण्याची त्यात सोय आहे. म्हणजे लाइट आली तेव्हा आदल्या वेळची चांगली प्रत शेजारीच होती! पण घाबरलेला माणूस काय करतो? त्याने कोरे प्रोजेक्ट उघडले, त्यात दोन आवाज ओढून पाहिले आणि त्याच नावाने सेव्ह केले. झाले. शून्यांची फाइल ‘बाक’ होऊन बसली आणि चांगली ‘बाक’ पुसली गेली. हे सांगताना त्याने कपाळावर हात मारून घेतला. मी त्याला एवढेच म्हटले, पेपर तपासताना गुणांची बेरीज चुकली की आम्हीही घाईत वर खाडाखोड करतो आणि मग मूळ आकडा कुणालाच दिसत नाही.

बहुतेक सगळ्या संगीताच्या सॉफ्टवेअरांत अशी एखादी जुनी प्रत कुठेतरी असते, हे मला त्या चार दिवसांत कळले. क्यूबेस ‘बाक’ फाइली ठेवते. एबलटन लाइव्ह आणि एफएल स्टुडिओ बॅकअप नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतात. प्रो टूल्समध्येही त्यासाठी स्वतंत्र फोल्डर असतो. एबलटनची फाइल तर आवळून बांधलेला मजकूरच असतो, गाठ सोडली की वाचता येतो. आपल्याकडच्या शाळांत आणि आकाशवाणीच्या उमेदवारांत लोकप्रिय असलेल्या ऑडॅसिटीचे प्रोजेक्ट पूर्वी शेकडो बारीक तुकड्यांत विखुरलेले असायचे, एक हलवला की बोंब. २०२१ पासून ते एकाच फाइलीत येते. तेव्हा ज्यांच्या घरात कुणी पोरगे रात्री हेडफोन लावून बसते, त्यांनी फाइल बिघडली की आधी हात मागे घ्यावेत. त्याच नावाने काही सेव्ह करू नये, त्या डिस्कवर नवे काही उतरवू नये. आधी पूर्ण फोल्डरची नक्कल दुसरीकडे काढावी आणि खटपट करायची ती नकलेवर.

पुसलेली ‘बाक’ मिळाली, तीही अशाच एका नकलेतून. पुतण्याचा पंचिंगमधला एक मित्र या कामात हुशार. डिस्क जुन्या पद्धतीची, आत तबकडी फिरणारी होती, हे नशीब. अशा डिस्कवर पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिचे नाव यादीतून जाते, मजकूर दुसरे काही येऊन बसेपर्यंत तिथेच पडून असतो. नव्या एसएसडीत असे पुसलेले कप्पे डिस्क स्वतःच झाडून मोकळे करते, मग हाती काही लागणे कठीण. मित्राने रात्रभर डिस्कची हुबेहूब नक्कल काढली आणि सकाळी त्या नकलेत, रीपरची प्रत्येक फाइल ज्या शब्दाने सुरू होते तो शब्द शोधायला लावला. पडद्यावर एकेक तुकडा वर यायला लागला. कुठे गरबा, कुठे कुणाच्या वरातीचे गाणे, आणि मग आजीचे तुकडे. सगळ्यांत पूर्ण सापडला तो तीन आठवड्यांपूर्वीचा. अकरांपैकी सात ओव्या जशाच्या तशा लागल्या. वहिनींनी त्या दिवशी शेवयांची खीर केली.

एका हुशार माणसाच्या घरीही असेच झाले होते, असे मी त्यांना जेवताना सांगितले. १९९८ साली पिक्सार या अमेरिकन कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ हा सिनेमा तयार होत असताना कुणाच्या तरी एका आज्ञेने सिनेमाच्या फाइली भराभर पुसल्या गेल्या, आणि बॅकअपही कामाचा नव्हता. गॅलिन सुसमन या बाई बाळंत झाल्यामुळे घरून काम करत होत्या, म्हणून एक प्रत त्यांच्या घरच्या संगणकावर होती. तो संगणक चादरीत गुंडाळून मोटारीतून हळूहळू कंपनीत नेला. वहिनी म्हणाल्या, “म्हणजे शेवटी बाळंतिणीनेच वाचवलं.” आपल्याकडे पुण्याला एफटीआयआयच्या आवारात ८ जानेवारी २००३ ला आग लागली, तेव्हा प्रभात काळातल्या कितीतरी जुन्या फिल्मा जळाल्या. तिथे असे कुणाच्या घरी काही नव्हते.

उरलेल्या चार ओव्यांसाठी माझी वही कामी आली. पुतण्या आवाजाच्या मूळ फाइली एकेक लावायचा आणि मी वहीत पाहून सांगायचो, ही भावाची, ही पंढरीची, ही लेकीची. या बसण्यातच मला एक गोष्ट कळली, आणि खरे तर तीच सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

मूळ फाइलीत आत्या ओवीच्या मधे बोलायची. परातीची घरघर असायची. खोकायची, पाणी मागायची. माइकसमोरून कुणी गेले की सवयीने विचारायची, “ऊट आतेनु?” जेवण झालं का? पुतण्याने प्रोजेक्टमध्ये हे सगळे कापून टाकले होते, परातीचा आवाजही फिल्टर लावून पुसला होता. ओव्या स्वच्छ झाल्या होत्या, एखाद्या कॅसेटवर असाव्यात तशा. मी म्हटले, हे का काढलंस रे? तो म्हणाला, “काका, ती मधेच काय काय बडबडायची, मला कळायचं नाही. मला वाटलं दम्याने होतंय.” त्याला न कळणारी ती बडबड कन्नड होती. मराठी ओवी संपली की तिच्या मनात त्याच चालीवर कन्नड त्रिपदी यायची, दोन शब्द यायचे आणि समोर नातू बसलेला पाहून ती पुन्हा मराठीवर यायची. पोराचा यात काय दोष? त्याला कन्नड आम्ही कुणी शिकवले नाही.

आपल्या भागातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. आपल्या घरोघरी एकाच जात्यावर दोन भाषा दळल्या गेल्या. तिकडे विजापूर जिल्ह्यातल्या हलसंगीच्या मधुरचेन्न आदी मंडळींनी १९३०च्या दशकात बायकांची गाणी गोळा करून ‘गरतिय हाडु’ छापले, इकडे साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या दिल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्याहून खेडोपाडी फिरून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, आणि त्या २०१७ पासून ‘पारी’वर आवाजासकट ऐकायला मिळतात. हे सगळे फार मोठे काम. पण गोळा करताना ही मराठी, ही कन्नड असे दोन ढीग होतात. एकाच दमात मराठीतून कन्नडात जाणारी आत्यासारखी बाई कुठल्या ढिगात घालायची?

तर बोलता बोलता पडद्यावरच्या फाइलींची यादी मी वाचत होतो. प्रत्येकीपुढे मिनिटे-सेकंद आणि आकार. एक फाइल सगळ्यांत खाली, तिच्यापुढे वेळ शून्य सेकंद. पुतण्या म्हणाला, “ती जाऊ द्या, ती खराब आहे. आजी गात होती आणि लाइट गेली होती. तेव्हापासून वाजत नाही.” पण आकार १९० एमबी होता. आम्हा मास्तर लोकांना बेरीज-वजाबाकीची खोड. शेजारच्या फाइली पाहिल्या तर मिनिटाला साधारण आठ एमबी पडत होते. मग एकशे नव्वदला किती? चोवीस मिनिटे. मी म्हटले, रिकाम्या पिशवीचं वजन इतकं कसं भरेल?

मित्राला पुन्हा बोलावले. त्याने सांगितले ते असे. आवाजाच्या वेव्ह फाइलीच्या आरंभी छोटा मथळा असतो. साध्या फाइलीत तो चव्वेचाळीस बाइटांचा. आवाज कुठल्या मापाचा आहे आणि एकंदर किती लांब आहे, हे त्यात लिहिलेले असते. आता लांबी रेकॉर्डिंग संपल्याशिवाय कळणार कशी? म्हणून सुरुवातीला तिथे जागा मोकळी सोडतात आणि शेवटी आकडा भरतात. किर्दीच्या पहिल्या पानावर एकूण रक्कम मागाहून लिहावी, तसे. मधेच वीज गेली तर आकडा भरायचा राहतो. वाजवणारे यंत्र पहिले पान वाचते, शून्य दिसले की वही मिटते. आतली पाने भरलेलीच असतात.

ऑडॅसिटीत अशी फाइल ‘रॉ डेटा’ म्हणून उघडता येते. म्हणजे पहिल्या पानाकडे बघू नकोस, माप मी सांगतो, तू सरळ वाच. मित्राने पहिल्यांदा १६ बिट धरले. स्पीकरमधून असा खडखडाट आला, की लूमच्या खात्यात शिरलो असे वाटले. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. मग पुतण्याला आठवले की आजीचे सगळे त्याने २४ बिटमध्ये घेतले होते. मनात हिशेब केला, सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकाला तीन बाइट, मिनिटाला जवळजवळ आठ एमबी. जमत होते. माप बदलले आणि पुन्हा लावले.

आधी परात. मग एक मिनिटभर काहीच नाही, नुसती परात. आणि मग आत्या कन्नडात गायला लागली.

त्या दिवशी पुतण्या माइक लावून खाली दूध आणायला गेला होता. समोर कुणी नव्हते, त्यामुळे मराठीकडे परत यायचे कारणही नव्हते. जवळजवळ चोवीस मिनिटे ती एकामागून एक त्रिपदी गात होती. तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, ज्या मी फक्त ऐकून होतो. माहेरच्या वाटेवरची, भावाच्या बैलांची, तवंदीच्या घाटाची गाणी. बायका अशा गाण्यात भावांची नावे गुंफतात. तिने तिघांची गुंफली. माझ्या वडिलांचे, काकांचे, आणि एक जो सहाव्या वर्षी पटकीने गेला त्याचे. त्याचा फोटो नाही, कागदोपत्री कुठे नाव नाही. घरात एवढेच माहीत होते की एक भाऊ होता. त्याचे नाव मी त्या खोलीत पहिल्यांदा ऐकले. आतेभाऊ शेजारी बसला होता. आईचे कन्नड त्याला अर्धेमुर्धे कळते. तो म्हणाला, “कुणाचं रे हे नाव?” मला सांगायला थोडा वेळ लागला.

तेविसाव्या मिनिटानंतर एका त्रिपदीच्या तिसऱ्या ओळीत, शब्दाच्या मधोमध, आवाज तुटतो. लाइट गेली ती तिथे.

श्राद्धाच्या दिवशी अकरा ओव्या लागल्याच. पुतण्याने चार नव्याने बसवल्या, त्यांत परात राहू दिली. जुन्या सातांतही ती परत आणायची का यावर बाप-लेकात वाद झाला. मी त्यात पडलो नाही. खरे सांगायचे तर स्वच्छ केलेल्या सात मला थोड्या परक्या वाटतात, पण आतेभावाला त्याच आवडतात. आईचा खोकला ऐकवत नाही म्हणतो. जेवणे झाल्यावर चोवीस मिनिटांची फाइल लावली. कापली नाही, साफ केली नाही. सुरतेतल्या पंगतीत कन्नड कळणारे आम्ही दोघे-तिघेच, तरी कुणी उठले नाही. आता तिच्या तीन प्रती आहेत. एक सुरतेत, एक माझ्याकडे, एक इचलकरंजीत. मूळ खराब फाइलही तशीच जपली आहे, कारण आमच्या नकलेत काही चुकले असले तर पुन्हा तिच्याकडेच जावे लागेल.

घरी परतल्यावर मी काकूंना मोबाइलवर ती ऐकवली. काकूंचे वय अठ्ठ्याहत्तर, माहेर रायबागचे. डोळे मिटून ऐकत होत्या. भावाच्या बैलांच्या गाण्याला म्हणाल्या, “हिचं इथं चुकलंय. ही ओळ पुढच्या पदाची.” शेवटी आवाज तुटला तेव्हा त्या थांबल्या नाहीत. तुटलेला शब्द पुरा करून ओळ संपवली आणि पुढच्या दोन त्रिपदी म्हटल्या. तेवढ्यात मी हातातला मोबाइल रेकॉर्डिंगला लावायचे विसरलो, हे मला त्या थांबल्यावर लक्षात आले.

पुतण्याला कळवले. सुट्टी मिळाली की तो माइक घेऊन येणार आहे, बरोबर यूपीएसही आणतो म्हणाला. काकूंनी जाते माडीवरून खाली काढून ठेवायला सांगितले आहे. त्यांची एकच अट आहे, पोराने समोर बसायचे आणि एकेका शब्दाचा अर्थ विचारायचा.